धानातला लॅपटॉप

रामबाईच्या तेरवीसाठी धान भरडायला न्यायचं होतं. सुनेने, सोनिकाने, कोठीत हात घातला तर हाताला लुगड्याचं गाठोडं लागलं. सोडून पाहते तर आत लॅपटॉप. घरभर शोधून सगळ्यांनी ज्याचा नाद सोडला होता, तोच.

"आईनंच ठेवला असंल," ती सपरीत, पुढच्या ओसरीवर, येऊन म्हणाली. "दवाखान्यात न्यायच्या टायमाले. घरी कोनी राहणार नाही म्हनून."

रामबाईच्या नवऱ्याने, बिसनलाल गुरुजींनी, मान हलवली. रामबाईची ती जुनी रीत होती. पाटल्या असोत की कुणाच्या लग्नाचं नवं पातळ, जे जपायचं ते धानात. धान उपसत बसायला चोराला सवड नसते, असं ती म्हणायची. पोटात कळ उठलेली, दारात गाडी उभी, आणि तेवढ्यातही तिने हे काम उरकलं होतं. हे ऐकून गुरुजींना काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती गेल्यापासून असंच चाललं होतं. ताट पुढे आलं की जेवायचं, कोणी हाक मारली की उठायचं. भाजीत मीठ जास्त पडलंय, हे त्यांना दुसऱ्यांची तोंडं पाहून कळायचं.

लॅपटॉपमध्ये रामबाईची गाणी होती. लग्नातली, पोवारी बोलीतली गाणी. हळदीची, मांडवाची, विहिणीला चिमटे काढणारी. आजूबाजूच्या गावांत लग्न निघालं की तिला बोलावणं यायचंच. उन्हाळ्यात नात रिंकीने तिला लॅपटॉपसमोर बसवून सगळी गाणी व्हिडिओत घेतली होती. कागदावर ती कुठेच नव्हती. रामबाईच्या तोंडात होती, आणि आता फक्त त्या यंत्रात.

पण यंत्र टिकेना. रिंकीने व्हिडिओ लावला की रामबाई पदर सारखा करायची, घसा खाकरायची, आणि पडदा काळा. गाणी पेन ड्राइव्हवर उतरवायला घेतली तरी मध्येच काळा. शेवटी गुरुजींचा मुलगा टिकेश तो गोंदियाला दुकानात दाखवून आला.

"दुकानवाला म्हनते, अंकल, बोर्ड गया लगता है. फॉर्मेट मारून पाहू म्हनते," टिकेशने सांगितलं. "आनि असा झटक्यानं बंद होत राहिला त आतली डिस्कबी जाईल म्हनते. सोमवारी नेऊन देतो."

"फॉर्मेट म्हंजे?" गुरुजींनी विचारलं.

"पाटी पुसल्यावानी, आबाजी," सातवीतली रिंकी म्हणाली. "सगळं जाते. आजीबी."

मग टिकेश खाली पाहत म्हणाला, "बाबूजी, आवाज आइकून का करता? आइकल्यानं आई वापस येते का?"

गुरुजींना राग आला नाही. राग यायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं. चाळीसेक वर्षं पोरांना शिकवताना जो प्रश्न ते विचारत आले होते, तो मात्र आपोआप तोंडून निघाला.

"याचं पुस्तक कुठं हाये?"

"कायचं पुस्तक?"

"शिलाई मशीन आनली त पुस्तक आलं होतं. मोटरपंप आनला त पुस्तक आलं. याचंबी असंलच ना."

टिकेश बऱ्याच दिवसांनी हसला. "लॅपटॉपचं पुस्तक कोनी वाचते का, बाबूजी? दुकानवाल्यानंबी नसंल वाचलं."

"मंग त्याले कसं समजलं, बोर्ड गेला म्हनून?"

टिकेश गाडीला किक मारून निघून गेला.

लॅपटॉपचा खोका माळ्यावर सापडला. रामबाईने त्यात चिंच भरून ठेवली होती. चिंचेच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, एक पातळ पुस्तिका आणि एक घडीचा कागद होता. पुस्तिकेत कितीतरी भाषा होत्या. मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. गुरुजींनी चष्मा लावला आणि रिंकीला इंग्रजी मोठ्याने वाचायला बसवलं. ती एकेक वाक्य वाचायची, आधी स्वतः अर्थ सांगायची, अडली तरच गुरुजी सांगायचे. पाण्याजवळ नेऊ नका. उन्हात ठेवू नका. उघडू नका.

"या मास्तरापासी पोरं टिकाची नाहीत," गुरुजी म्हणाले. "पहिल्याच दिवशी छडी दाखवते."

रिंकी खुदकन हसली. गुरुजी हसले नाहीत. आपण विनोद केला, याचंच त्यांना नवल वाटलं. जणू शेजारी बसलेलं दुसरंच कोणी बोललं होतं.

घडीच्या कागदावर चित्रं होती. एका चित्रात उशीवर ठेवलेला लॅपटॉप आणि त्यावर मोठी फुली.

"झोपून पाहू नका, डोळे खराब होतात," रिंकीने अर्थ लावला. गुरुजींनाही तो पटला.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. रिंकीने ती दोनदा वाचली आणि कपाळावर हात मारला. "आबाजी, खरं पुस्तक लॅपटॉपच्या आतच हाये म्हनते! चालू करून वाचा म्हनते."

"म्हंजे पेटीची किल्ली पेटीत," गुरुजी म्हणाले. "चालन. जेवढा वेळ जागा राहते तेवढा वेळ वाचू. झोपला का थांबू."

शनिवारी शाळेतून आल्यावर रिंकी गादीवर लॅपटॉप घेऊन बसली. आतलं पुस्तक खरंच सापडलं. ती वाचायची, गुरुजी पाटीवर उतरवून घ्यायचे, आणि एखाद्या वाक्याच्या मध्येच पडदा मिटायचा. दर वेळी रिंकी लगेच बटण दाबून पाहायची. या खेपेला डिस्क गेली तर? गुरुजी म्हणायचे, "राहू दे थोडा वेळ." ते घाई करत नव्हते. घाई कशाची करायची, हेच त्यांना आठवत नव्हतं.

पण माणूस बधिर झाला तरी शिक्षकाची नजर सुटत नाही. व्हिडिओ लावला की यंत्र लगेच मान टाकतं, पुस्तक वाचलं तर बराच वेळ टिकतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. रविवारी सकाळी रिंकीने ते गादीऐवजी फरशीवर ठेवलं, तर आणखी टिकलं. वर्गात एखादं पोर दुपारचंच पेंगायचं. त्याला छडी मारून काही होत नसे. सकाळी खाऊन आलास का, हे विचारावं लागे.

"रिंके, हा खराब नाही झाला," ते सावकाश म्हणाले. "कामाले लावला का याले ताप येते."

पुढच्या पानावर एक शब्द अडला. रिंकीला येत नव्हता, गुरुजींनाही नीट आठवेना. त्यांनी जुना शब्दकोश काढला. व्हेंट म्हणजे झरोका, हवा जायची वाट.

"लॅपटॉपले झरोका?"

दोघांनी तो उलटा केला. पोटाशी बारीक फटी होत्या, एका बाजूलाही होत्या. गुरुजींनी घडीचा कागद पुन्हा उलगडला आणि उशीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"फुली झोपेवर नाही, रिंके. उशीवर हाये. उशीनं झरोके बुजतात."

पुढे आतला पंखा साफ करायला त्यावरची झाकणी कशी काढायची तेही दाखवलं होतं. ते पाटीवर उतरवून झालं, तेव्हा रिंकी घाबरली. "पहिल्याच पानावर लिवलं हाये, उघडू नका म्हनून!"

"पहिल्या पानावर सगळ्यांसाठी लिवलं हाये. इथं, जो इथवर वाचत आला त्याच्यासाठी लिवलं हाये."

यंत्र बंद करून बॅटरी काढली. चष्म्याचे स्क्रू आवळायच्या बारीक पेचकसाने गुरुजींनी तेवढीच झाकणी उघडली. आत पंखा होता, आणि पंख्यावर पाखराच्या घरट्यासारखा थर: कोंडा, धानाची कुसं, लुगड्याचे हिरवे धागे. मधोमध एक अख्खा दाणा.

गुरुजींनी तो दाणा तळहातावर घेतला. टिकेश दारात कधी येऊन उभा राहिला होता, कळलं नाही.

"आईनं ठेवला होता म्हनून..." तो म्हणाला आणि थांबला.

"चोरापासून वाचला ना पन," गुरुजी म्हणाले, आणि दाणा सदऱ्याच्या खिशात टाकला. "सायकलचा पंप आन."

टिकेशने पंप आणला. पंखा फिरू नये म्हणून त्याला काडी लावून धरली आणि त्यानेच हवा मारली. भुसकट उडालं, रिंकीला शिंका आल्या. झाकणी आणि बॅटरी परत बसवली. लॅपटॉप सपरीत, लाकडी पाटावर ठेवला. बाजूच्या झरोक्यातून गरम हवा बाहेर आली पाहिजे, असं पुस्तकात होतं. गुरुजींनी तिथे हात धरला.

रामबाईने पदर सारखा केला. घसा खाकरला. पडदा काळा झाला नाही. ती गाऊ लागली.

पहिलं कडवं संपत आलं, तोच विमानाची घरघर आली. बिरसीच्या विमान चालवायच्या शाळेतली शिकाऊ पोरं सकाळभर गावावरून घिरट्या घालत असतात, तशीच. गुरुजींनी सवयीने वर पाहिलं. आभाळ रिकामं होतं. घरघर लॅपटॉपमधून येत होती.

रामबाई गाता गाता थांबली होती. "थांब वो, रिंके," ती म्हणत होती. "जाऊ दे त्याले. मंग म्हनते."

आणि ती हात मांडीवर ठेवून, वर बघत, विमान जायची वाट पाहत बसली.

टिकेशच्या हातात पेन ड्राइव्ह होता. "बाबूजी," तो हळूच म्हणाला, "आता उतरवून घेऊ का? चालू हाये तोवर?"

गुरुजींच्या तळहाताला गरम हवा लागत होती. लागते आहे, हे त्यांना कळत होतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "जाऊ दे त्याले."