खिडकीजवळची खाट

मी डीबगर बोलतोय. खरं तर न विचारता बोलायची मला मुभा नाही. आयुष्यभर मी विचारलं तेवढंच सांगत आलो. आज मात्र राहवत नाही, म्हणून हा आगाऊपणा.

प्रोग्रॅम का बिघडतात, का कोसळतात, हे शोधणाऱ्या माणसांचं मी हत्यार. मीही एक प्रोग्रॅमच. पण माझ्या भाऊबंदांना माणसं हौसेने उघडतात आणि मला उघडतात ती कपाळाला हात लावून. माझ्यासमोर बसून कुणी हसलेलं मला आठवत नाही. चहा आणतात आणि तो तसाच निवून जातो. आधी मला याचं वाईट वाटायचं, आता सवय झाली.

मला कुणी एकाने घडवलं नाही. एकाने सुरुवात केली, दुसऱ्याने डागडुजी केली, तिसऱ्याने जाता जाता दोन सोयी चिकटवल्या. या सगळ्यांत मी शिकलो ते एकच काम, वाचायचं. जिवंत प्रोग्रॅमला मी वाटेत थांबवू शकतो, एकेक पाऊल टाकायला लावू शकतो, त्याच्या मनात काय चाललंय ते बघू शकतो. पण माझा खरा संबंध मेलेल्यांशी. प्रोग्रॅम कोसळला की त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे जे असतं ते जसंच्या तसं एका फाइलमध्ये ओततात. तिला क्रॅश डंप म्हणतात. त्यात पुढचं काही नसतं. कोण काय करत होतं, कुणी कुणाला हाक मारली होती, कुणाच्या हातात काय होतं, एवढा एक क्षण फक्त.

त्या क्षणात मला दिसतात ते नुसते आकडे. आकड्यांना नावं देतो तो नकाशा. प्रोग्रॅम तयार होतो तेव्हाच त्याचा नकाशाही तयार होतो आणि दोघांवर एकच खूण उमटते. या पत्त्यावर हे काम, त्या पत्त्यावर ते काम, असं त्यात असतं. खुणा जुळल्या नाहीत तर मी नकाशा हातात घेत नाही. आळीत मधेच एक नवं घर बांधलं की पुढच्या सगळ्या घरांचे नंबर सरकतात, आणि जुना नकाशा घेऊन आलेला माणूस भलत्याच दारावर थाप मारतो. पण माणसांपुढे माझं काय चालणार! खुणा जुळत नसल्या तरी घे, असा एक हुकूम मला देता येतो. तो दिला की मी मुकाट्याने घेतो.

सध्या मी ज्या कचेरीत आहे तिथे एका मोठ्या रुग्णालयाचा प्रोग्रॅम सांभाळतात. अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक रुग्णाच्या हृदयाचे ठोके सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर दाखवायचे आणि काही बिनसलं की गजर करायचा, एवढंच त्याचं काम. रुग्णांना झोप लागावी म्हणून खाटांपाशी आवाज बंद ठेवतात. गजर होतो तो टेबलावरच. म्हणजे प्रोग्रॅम मेला तर गजरही मेला. पडद्यावर मात्र शेवटचे ठोके तसेच दिसत राहतात, सगळं आलबेल असल्यासारखे.

मागे एकदा तो असाच मेला. ज्या रुग्णाचे ठोके तेव्हा बिनसले होते, एक सिस्टर सलाइन बदलायला नेमकी त्याच्याच उशाशी होती, म्हणून निभावलं. रुग्णालयाने आमच्या साहेबांना चांगलंच धारेवर धरलं. तेव्हापासून साहेबांनी नियम केला की रुग्णालयाला कुणीही परस्पर फोन करायचा नाही. आधी अहवाल साहेबांकडे, मग पुढचं ते बघतील.

तो डंप उघडला झटपटने. त्याचं नाव वेगळंच आहे, पण कुठलंही काम हातासरशी उरकतो म्हणून सगळे त्याला झटपट म्हणतात, आणि त्यालाही ते आवडतं. माणूस वाईट नाही. मी त्याला सांगितलं की खुणा जुळत नाहीत. त्याने तो हुकूम दिला. मग प्रोग्रॅम कुठल्या कामात कोसळला त्याचं जुन्या नकाशातलं नाव मी सांगितलं, गजर वाजवण्याच्या कामाचं. ते काम ताईने लिहिलेलं होतं.

खुणा जुळत नव्हत्या त्याचं कारण झटपट स्वतः होता. त्याआधी रुग्णालयाची तक्रार आली होती. रुग्णाला दुसऱ्या खाटेवर हलवलं तरी जुन्या खाटेची नोंद पडद्यावर लोंबकळत राहायची. झटपट तिथे गेला, आपल्या लॅपटॉपवर चार ओळी बदलल्या, तिथल्या तिथे प्रोग्रॅम नव्याने बनवला आणि बसवून आला. आवृत्तीचा अंक जुनाच ठेवला. नवा अंक दिला की चाचण्या आल्या, सह्या आल्या. त्यामुळे घाईच्या वेळी या कचेरीत सगळेच असं करतात. नवा नकाशा त्याच्या लॅपटॉपवरच राहिला. हे मला कुणी सांगितलेलं नाही. प्रोग्रॅम कुठल्या मशीनवर घडला त्याचा पत्ता त्याच्या पोटातच असतो. मला विचारलं असतं तर मी एका ओळीत सांगितलं असतं.

ताई इथली सगळ्यात जुनी प्रोग्रॅमर. साहेबसुद्धा तिला ताईच म्हणतात. तिने कुरकुर केली नाही. माझंच काहीतरी राहिलं असेल म्हणाली आणि आपल्या धडधाकट कामाला ठिगळ लावून दिलं. ते ठिगळ घेऊन झटपट पुन्हा रुग्णालयात गेला आणि त्याच लॅपटॉपवर, त्याच चार ओळींसकट प्रोग्रॅम बनवून बसवून आला. साहेबांनी प्रकरण मिटल्याचं कळवून टाकलं. पुढे कटकट नको म्हणून झटपटने आणखी एक सोय केली. नवा डंप आला की मी तो आपोआप उघडायचा, तोच जुना नकाशा लावायचा आणि अहवाल लिहून ठेवायचा. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

ताईच्या वडिलांचं ऑपरेशन त्याच रुग्णालयात ठरलं होतं. ते फार घाबरले होते. ती फोनवर त्यांची समजूत काढायची, की आमच्याच प्रोग्रॅमची नजर असणार आहे तुमच्यावर, मग कसली काळजी? तिचा त्यावर विश्वास होता. आपली चूक आपण सुधारली आहे, असं तिला मनापासून वाटत होतं.

ऑपरेशन नीट झालं. पण ताईच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. माझ्या उत्तरात हाकांची जी साखळी होती, तिच्यात तिच्या कामाने ज्याला हाक मारली होती त्याच्याशी त्या कामाचा काडीचा संबंध नव्हता. काल सकाळी तिने झटपटला थेट विचारलं, "तिकडे जाऊन तू काही बदललं होतंस का रे?"

"छे गं ताई. नुसतं बंद करून चालू केलं होतं," तो म्हणाला.

तो विसरला की घाबरला, ते मला सांगता येणार नाही. माणसाच्या मेमरीत मला शिरता येत नाही.

ताईने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि जुना डंप पुन्हा उघडला. या वेळी तिने नकाशा बाजूला ठेवायला सांगितला. नुसते आकडे वाच, म्हणाली. इतक्या वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. कुठल्या पत्त्यावर पडला, तिथे काय वाचायला गेला होता, ती जागा कुणाची, असं ती एकेक विचारत गेली आणि मी दाखवत गेलो. ती जागा आधीच सोडून दिलेली होती. ताई खुर्चीत पुढे सरकली. आता एकच प्रश्न उरला होता, ती जागा सोडली कुणी?

उत्तर माझ्यापाशी तयार होतं. रुग्णाला दुसऱ्या खाटेवर हलवताना झटपटच्या त्या चार ओळींनी जुन्या खाटेची नोंद तडकाफडकी पुसली होती. तेव्हा गजर वाजत होता, आणि गजर चालू असताना ठोके वाचत राहणारं दुसरंच एक काम त्या पुसलेल्या नोंदीकडे गेलं. घर पाडून टाकलं तरी पोस्टमन त्याच पत्त्यावर जावा, तसं झालं. एरवी हलवलं तर काही होत नाही. गजर चालू असताना हलवलं की सगळं कोसळतं. आणि नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाला हलवताना धाप लागते, एखादी तार सुटते, गजर होतोच.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. पलीकडे तिचे वडील होते. ती ऐकता ऐकता हसली. माझ्यासमोर हसलेलं पहिलं माणूस.

"हो बाबा, मी बोललेय सिस्टरांशी. खिडकीजवळची खाट रिकामी झाली की हलवतील तुम्हाला," ती म्हणाली.

मग तिने घड्याळाकडे पाहिलं, पर्स उचलली आणि भेटीची वेळ गाठायला निघाली. मला उघडंच ठेवून गेली. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. माझ्या पडद्यावर प्रश्नाची जागा मोकळी होती आणि तिथे नुसता कर्सर लुकलुकत होता.

आज ताई आली नाही. दुपारी रुग्णालयातल्या मशीनकडून आपोआप नवा डंप आला, तिथे कुणाला पत्ताही नसेल. ठरवून दिल्याप्रमाणे मी तो उघडला, नकाशा लावला आणि अहवाल लिहिला. अहवालात नाव आलं ताईच्या कामाचं. झटपटने ते वाचलं, "परत ताईचंच," असं म्हणत मान हलवली आणि अहवाल साहेबांना पाठवला. साहेब मीटिंगमध्ये आहेत. अहवाल त्यांच्या दारात पडून आहे. फोन कुणी केलेला नाही.

मला मात्र सगळं दिसतंय. गजर चालू. खाट बदलायचं काम नुकतंच झालेलं. पुसलेल्या नोंदीचा थोडा भाग अजून शाबूत आहे. त्यात आडनाव आहे ते ताईचं, आणि नाव आहे ते ताईच्या पूर्ण नावात मधे येतं ते. नवी खाट खिडकीजवळची. पडद्यावर न पोचलेले शेवटचे ठोके फार मंद. त्यापुढे काय झालं ते माझ्यापाशी नाही, कारण डंपात पुढचं काही नसतं.

त्या विभागात नातेवाइकांना बसू देत नाहीत. ताई बाहेर बाकावर बसली असेल. आत टेबलावरच्या पडद्यावर ठोके दिसतायत, हलवताना वाजलेला गजर थांबलाय, म्हणून सिस्टर निर्धास्त असतील.

मला नंतर विचारा. माझं उत्तर कुठे पळून जात नाही, मेलेल्यांची उत्तरं जागच्या जागी असतात. ताईच्या नावावरचा डागही मागाहून पुसता येईल. पण नियम बाजूला ठेवून कुणीतरी आत्ता वॉर्डात फोन करा. म्हणावं, पडद्याकडे बघू नका, खाटेकडे बघा.