गंगारामच्या गाठी

मनवेलपाड्याच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये दर रविवारी बायकांची झुंबड उडायची, ती काय बघायला? तर शौचातून पडलेल्या गाठी. ऐकून नाक मुरडू नका, तिथे कोणी मुरडत नव्हतं. "माझ्या पोरीच्या अंडाशयातल्या गाठी पडल्या," म्हणत आया स्टीलचे डबे उघडायच्या. आत धुऊन आणलेले करवंदाएवढे हिरवट गोळे. गाठमोडे महाराज डबा उंच धरायचे आणि सगळा हॉल हात जोडायचा.

सोनोग्राफीत 'अंडाशयात गाठी' असं जिला सांगितलं, ती महाराजांचं गिऱ्हाईक. पाळी लांबते, वजन वाढतं, हनुवटीवर केस येतात, सगळ्याचं मूळ ती गाठ. "डॉक्टर गाठ नुसती बघतो, मी मोडतो," महाराज सांगायचे. "गाठीला डाळ आवडते, मासा आवडतो, अंडं तर तिचं सख्खं भावंड. तिला उपाशी मारा." म्हणून महिनाभर फक्त साबुदाणा, केळी आणि उसाचा रस. मग गाठ सैल करायला कंबरेवर ओल्या काथ्याच्या दोरीचे फटके, तेही आईनेच मारायचे. "जिच्या नाळेने बांधलं, तिनेच सोडवायचं." शेवटी रात्री पेलाभर अमृत, आणि सकाळी गाठी.

सांडोरच्या विमलाचा जन्म केळीच्या वाडीत राबण्यात गेला होता. तिची अक्षया विरारला ऑफिसात नोकरीला. पोरीची पाळी चार-चार महिने यायची नाही, आणि तेवढ्यावरून ठरलेलं लग्न मोडलं. महिनाभर साबुदाणा-केळीवर ठेवून विमलाने तिला महाराजांच्या हॉलमध्ये आणलं आणि दोरी उचलली. पहिला फटका हलका बसला, तर महाराज खेकसले, "गाठीला कुरवाळतेस काय? हाण." मग ती हाणत सुटली. दोन सेविकांनी अक्षयाचे हात दाबून धरले होते. ती "आई, नको ना" म्हणत राहिली, कुर्ता रक्ताने पाठीला चिकटला, आणि विमला मनाला समजावत होती की ओरडतेय ती गाठ, पोरगी नव्हे.

रात्री अमृत पाजलं आणि दुसऱ्या सकाळी गाठी पडल्या. महाराज म्हणाले, अजून आहेत, पुढच्या रविवारी परत फटके. त्याआधीच अक्षया मोरीत चक्कर येऊन कोसळली आणि कपाळ फुटलं. विमलाने तिला गावातल्याच डॉक्टर प्रिस्काच्या दवाखान्यात नेलं. सोबत डबाही घेतला.

प्रिस्काने आधी पाठ बघितली. "हे कोणी केलं?"

"मीच," विमला म्हणाली. "पण महिनाभर साबुदाणा-केळी देऊन वर अमृत पाजलं, तेव्हा गाठी निघाल्या. ह्या बघ."

प्रिस्काने एक गोळा गरम पाण्यात टाकला. तो वितळला आणि वर हिरवट तेल तरंगलं.

"काकी, अमृतात काय असतं?"

"लिंबू, तेल आणि कसलंसं खारट पाणी."

"मग हे त्या तेलाचेच गोळे. लिंबाबरोबर तेवढं तेल पोटात गेलं की ते साबणासारखं घट्ट होऊन पडतं. अंडाशयातून शौचाला वाटच नसते. आणि तिथे ज्यांना गाठी म्हणतात, त्या गाठी नव्हेतच, न पिकता अडकलेली बीजं आहेत. त्या एका शब्दाने घोळ केला. वर तुम्ही महिनाभर तिला साखर आणि पिठूळ खायला घातलंत. या त्रासात बहुतेकींचं इन्सुलिन आधीच वाढलेलं असतं, त्यात ही भर. तिला डाळ, अंडं, बोंबील, पालेभाजी वेळेवर पोटभर द्या, रोज चालू दे. त्याने त्रास मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. लागतील तशी औषधं मी देईन."

विमलाला पटेना. अख्खा हॉल खोटा कसा असेल? अक्षयाला प्रिस्काने दवाखान्यातच ठेवून घेतलं, आणि विमलाने एकटीने घरी येऊन उरलेलं अमृत नवऱ्यासमोर धरलं. गंगारामने शिव्या घालत ते घशाखाली उतरवलं. सकाळी त्याच्या गाठी पोरीच्यापेक्षा मोठ्या निघाल्या.

रविवारी तिने तो डबा महाराजांपुढे ठेवला. महाराजांनी तो उंच धरला. "बघा, जुनाट गाठ मुळासकट आली. हिच्या पोरीची कूस मोकळी झाली."

"ही माझ्या नवऱ्याची आहे," विमला म्हणाली. "त्याची कूस कुठे असते तेवढं सांगा."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सेवकाने विमलाच्या तोंडावर काठी हाणली, ओठ फाटला, पण ती मंचावरून हलली नाही. महाराजांनी दोरी उगारली, तशा पुढच्या बाया उठल्या. त्याच दोरीने त्यांनी महाराजांना बडव बडव बडवलं, दात पडला, अंगावरची कफनी फाटली. विमला महाराजांच्या अंगावर आडवी पडली नसती तर पोलिसांना प्रेतच उचलावं लागलं असतं.

"पुरे झालं," ती तोंडातलं रक्त थुंकत म्हणाली. "याचा न्याय कोर्टात होईल. आपण मारलं ते पोरींना, आणि याने सांगितलं म्हणून मारलं. कोणी हातात दोरी दिली तर आधी विचारा, का? कोणी चमत्कार दाखवला तर तोच घरी करून बघा. मलाही हे पोरीला मारायच्या आधी सुचायला हवं होतं."

संध्याकाळी ती दवाखान्यात बोंबलाचं कालवण, मुगाची उसळ आणि भाकरी घेऊन गेली. अक्षयाच्या डोळ्यांवर केस आले होते. ते सारायला विमलाने हात पुढे केला, आणि पोरीने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

विमलाचा हात तिथेच राहिला.

"आई, ताट ठेव," अक्षया म्हणाली. "आणि जरा लांब बस."

विमला दाराशी जाऊन बसली. पोरगी सगळं जेवली, तोवर ती तिथून उठली नाही.