पहिला कागद

“टॅमरिंडला कुणी कागद दाखवला, तर त्याचा हात मी खांद्यापासून उपटून काढीन!” टॅन्टी अर्मिन बाकावर उभी राहून मागच्या रांगांना बजावत होती. “हो, तुलाच सांगतेय, पिवळी टोपी! इकडेतिकडे काय बघतोस?”

“मी काय केलं, टॅन्टी? माणूस अजून स्टेजवर आलासुद्धा नाही!”

“मग मांडीवर काय घेऊन बसलायस? बाळ?”

आजूबाजूचे खदाखदा हसले. पिवळ्या टोपीवाल्याच्या मांडीवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या होत्या. तशा त्या सगळ्यांच्याच पिशव्यांत होत्या, टॅन्टीच्याही आणि माझ्याही. कार्निव्हलच्या आधी आमच्या बेटावर, सान फर्नांडोच्या मैदानावर, कॅलिप्सो गाण्यांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी असते. तिला जाताना आम्ही बर्फाचा डबा, पेलाव-भाताचं पातेलं, रमची बाटली आणि टॉयलेट पेपर घेतल्याशिवाय घराला कुलूप लावत नाही. गाणं भिकार निघालं तर आम्ही शिव्या देत नाही, काही फेकून मारत नाही. कागदाची लांब पट्टी काढायची आणि डोक्यावर हलवायची. एक हलली की दहा हलतात, आणि बघता बघता सगळं मैदान पांढरं होतं. परीक्षक खाली टेबलाशी बसून काय गुण द्यायचे ते देवोत. ज्याच्यावर कागद हलला, त्याला दुसऱ्या दिवशी मासळी बाजारातही तोंड दाखवायची सोय उरत नाही.

आमच्या स्टँडमध्ये पहिला कागद टॅन्टीचा, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या या मावशीचा, असे. हा मान तिला कुणी दिला नव्हता, आपोआप चालत आला होता. गाणारा कुठल्या पक्षाचा, कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा हे ती बघत नसे. रडक्या, उसन्या चालीच्या, मंत्र्यांचे तळवे चाटणाऱ्या गाण्याला तिच्याकडे माफी नव्हती. स्वतःच्या भाच्यालाही तिने सोडलं नव्हतं. त्याची आई अजून तिच्याशी बोलत नाही. त्यामुळे गाणं सुरू झालं, की लोक एक डोळा स्टेजवर आणि एक डोळा टॅन्टीच्या पाठीवर ठेवून बसत.

वर्षाचे बाकीचे महिने या बाईला कुणी काही विचारत नव्हतं. हाय स्ट्रीटवरच्या कापडाच्या दुकानात तिने उभी हयात कापड फाडण्यात घालवली. गिऱ्हाईक ‘दोन यार्ड’ म्हणे, मालक ‘चल, आटप’ म्हणे, आणि घरी नवरा एल्टन ‘जेवण’ म्हणे. मुलगा ब्रुकलिनला. रविवारी फोन करी आणि आपल्याच थंडीचं रडगाणं गाई. मी शेजारीण म्हणून हे सगळं कुंपणापलीकडून पाहत आले आहे. पण जानेवारीत तंबू उघडले की टॅन्टी वेगळीच बाई होई. तंबू आपला म्हणायचा, असतो तो कुठल्याशा संघटनेचा हॉल. तिथे कार्निव्हलपर्यंत रोज संध्याकाळी कॅलिप्सो चालतो. दोन गाण्यांच्या मध्ये लोकांना हसवायला बाको नावाचा बारा गावचं पाणी प्यायलेला विनोदवीर असे. तो नवा विनोद आधी टॅन्टीच्या खुर्चीकडे बघून टाकी. ती हसली तर ठेवी, नाही हसली तर तिथेच गाडून टाकी.

“टॅन्टी, टोपी नवी दिसतेय! चर्चमधून पळवलीस काय?” एकदा त्याने माइकवरून विचारलं.

“तुझ्या बायकोने दिली रे,” टॅन्टी बसल्या जागेवरून ओरडली. “म्हणाली, आमच्या घरात टोपी घालायला कुणाला डोकंच नाही!”

बाकोने स्टेजवर लोळण घेतली आणि हॉल कितीतरी वेळ हसायचा थांबेना. घरी परतताना टॅन्टी मला म्हणाली होती, “पोरी मिंट्रा, मला ना, या खुर्चीतच मरण यावं.” मी तिला म्हटलं, तिकीट काढलेली बाई मेली तर बाको तिचे पैसे परत देणार नाही. त्यावरही ती हसली.

आणि या सगळ्यात तिचा जीव कुणावर असेल तर तो लॉर्ड टॅमरिंडवर. बाप रे, काय गायचा तो! नावाप्रमाणे चिंचेसारखाच, आधी गोड लागायचा आणि मग दात आंबवायचा. त्याच्या एका गाण्यामुळे एका मंत्र्याने मिशा काढल्या, असं लोक सांगतात. टॅन्टीने आयुष्यात एकदाच त्याच्यावर कागद उगारला होता. त्या वर्षी त्याला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्याने निवडून आलेल्या पक्षाची आरती ओवाळणारं गाणं केलं. मैदान टाळ्या वाजवत होतं, आणि टॅन्टी एकटी कागद हलवत उभी होती. त्याने तिला पाहिलं. कार्निव्हल संपल्यावर तो कापडाच्या दुकानात आला, जांभळं साटीन मागितलं आणि ती फाडत असताना हळूच म्हणाला, “तुमचं बरोबर होतं, मिस अर्मिन.” नाव त्याने कुठून मिळवलं देव जाणे. तेवढ्या एका वाक्यावर टॅन्टी पुढची सगळी वर्षं जगली म्हटलं तरी चालेल.

मग त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. पाठोपाठ बायको गेली. दोन हंगाम तो गायलाच नाही. लोक म्हणाले, टॅमरिंड संपला. या हंगामात मात्र तो तंबूत उभा राहिला आणि कसाबसा उपांत्य फेरीत आला. टॅन्टी या वेळी तंबूत गेली नव्हती. एल्टन पावसाळ्यात वारला होता, आणि वर्षाच्या आत नाचगाणं नको असं तिच्या नणंदेने बजावलं होतं. तरी मैदानावर ती आलीच. “एल्टनला मी सांगून आलेय,” म्हणाली. “त्याने काही हरकत घेतली नाही.” एल्टनच्या दफनाला तिच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. सगळी गल्ली ते अजून बोलते.

मला एकच धास्ती होती. टॅमरिंडचं नवं गाणं मी तंबूत ऐकलं होतं. गाणं संथ होतं. आमच्या मैदानाला संथ गाणं सोसत नाही, त्यात दुपारचं ऊन आणि पोटात रम.

“फायनलला जाईल ना गं तो?” टॅन्टीने मला पुन्हा विचारलं.

“पूर्ण गाऊ दिलं तर जाईल.”

“देतील. मी बसलेय ना इथे! शेवटचं एकदा तो मोठ्या स्टेजवर उभा राहिला पाहिजे, मिंट्रा. मग मी डोळे मिटायला मोकळी.”

तो आला. जांभळा सूट अंगाला ढगळ झाला होता. बँडने सूर दिला, त्याने टोपी सारखी केली आणि सुरुवात केली. आवाज खरखरत होता, पण शब्द एकेक कानात उतरत होता. गाणं असं होतं, की माझ्या घराचं फाटक करकरतं. बायको जन्मभर कटकट करायची, तेल घाल त्याला, तेल घाल. पण त्या करकरीवरूनच तिला कळायचं, मी गाऊन परत आलो, आणि ती पातेलं चुलीवर चढवायची. आता तेलाची बाटली माझ्या हातात आहे, शेजारीही म्हणतात घाल एकदाचं. मी घालत नाही. कुणीतरी आलंय हे घराला कळायला नको का?

दुसऱ्या कडव्याला स्टँड चुळबुळायला लागला. मागे कुणीतरी जांभई दिली. पण कागद नव्हता. पिवळी टोपीसुद्धा टॅन्टीकडे बघून गप्प होती. मी तिच्याकडे वळले, तर तिचा चेहरा मला ओळखू येईना. नाक लाल झालं होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एल्टनसाठी जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं होतं. रुमाल पेलावच्या पातेल्याला गुंडाळलेला. तिने पिशवीत हात घातला, हाताला जे लागलं ते घेतलं आणि ओढलं.

गुंडाळी नवी होती, टोक चिकटलेलं होतं. तिने हिसडा दिला आणि हात डोक्याच्या वर गेला. वारा होताच. पट्टी उलगडली आणि वर फडफडली.

“टॅन्टीने काढला!” पिवळी टोपी ओरडली.

बस्स. जणू सगळे त्याचीच वाट बघत होते. आमची रांग, मागची रांग, शेजारचा स्टँड, मग कुंपणापाशी उभे असलेले सगळे. टॅन्टी उठून दोन्ही हात हलवत किंचाळायला लागली, “नाही! नाही! खाली करा!” पण हातात कागद तसाच होता, आणि त्या गोंगाटात ती काय म्हणतेय ते कुणाला ऐकू जाणार? लोकांना वाटलं, टॅन्टी आज भलतीच भडकलीय. त्यांनी आणखी जोराने हलवले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आमची आजी म्हणे, तसं झालं.

टॅमरिंडने मैदानाकडे पाहिलंच नाही. त्याने सरळ आमच्या बाकाकडे पाहिलं. कडवं अर्ध्यावर होतं. त्याने बँडला हाताने थांबवलं, टोपी काढली, किंचित वाकला आणि पायऱ्या उतरून गेला.

टॅन्टी मला ओढतच स्टेजच्या मागे घेऊन गेली. दारावरचा माणूस तिला ओळखत होता; त्याने अडवलं नाही. टॅमरिंड घडीच्या खुर्चीत बुटांचे बंद सोडून बसला होता. तिला पाहून तो उठायला लागला.

“बसा, बसा,” टॅन्टी धापा टाकत म्हणाली. “मी हलवला नाही. ऐका माझं. मी रडत होते हो! नाक पुसायला काढला, आणि ही गाढवं...”

“मिस अर्मिन...”

“देवाशपथ! माझा एल्टन गेला. आमच्याही फाटकाची अशीच...” तिने मूठ उघडून दाखवली. आत कागदाचा ओला लगदा होता. “हे बघा. हे बघा ना.”

त्याने बघितलं. “ऊन किती आहे आज,” तो म्हणाला. “घामाने माझाही सूट भिजलाय.”

“घाम नाही हो हा! मिंट्रा, सांग ना गं यांना!”

मी सांगितलं. एल्टनची, माझ्या पोरांची, सगळ्यांची शपथ घेतली. पण बाईची शेजारीण बाईच्याच बाजूने बोलणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

“त्या पक्षाच्या गाण्याला सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं,” तो सावकाश म्हणाला. बोलतानाही आवाज फाटत होता. “तुम्ही एकट्या कागद घेऊन उभ्या होता. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, आपल्या बेटावर एक बाई आहे, ती खोटं बोलत नाही. मग आता म्हातारपणी माझ्यासाठी कशाला खोटं बोलताय?”

“मी खोटं बोलत नाही!”

“आवाज गेलाय, ते मला कळत होतं. तंबूत लोक कीव करून टाळ्या वाजवायचे. म्हटलं, मैदानावर मिस अर्मिन असतील, त्या सांगतील काय ते.” त्याने तिच्या त्या ओल्या मुठीवर हलकेच थोपटलं. “सांगितलंत. बरं झालं. राग नाही माझा, खरंच नाही.”

टॅन्टीजवळ आणखी काय होतं दाखवायला? आयुष्यभर खरं बोलून तिने जे नाव कमावलं होतं, तेच आडवं आलं होतं. त्याने बुटांचे बंद बांधायला घेतले आणि आम्ही निघालो.

स्टँडमध्ये परत आलो तर लोकांनी टॅन्टीची पाठ थोपटली. पिवळ्या टोपीवाल्याने तिला रमचा पेला पुढे केला. “मानलं बुवा तुला! आपल्या माणसालाही सोडलं नाहीस. नाहीतर अजून दोन कडवी ऐकावी लागली असती.” टॅन्टीने पातेल्याचा रुमाल सोडला आणि सगळ्यांना पेलाव वाढला. तिचं स्वतःचं ताट तसंच राहिलं.

टॅमरिंड त्यानंतर गायला नाही. तंबूवाले दोनदा घरी जाऊन आले म्हणतात. बेकरीबाहेर तो कधी दिसला तर टॅन्टीला टोपी उचलून नमस्कार करी, अगदी मनापासून. ते तिला जास्त लागे. पुढे ती पाव आणायला मलाच पाठवायला लागली.

पुढच्या वर्षी ती मैदानावर येणार नाही, असं मी धरून चालले होते. आली. त्याच बाकावर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. तिसऱ्या की चौथ्या नंबरला एका पोरीने असं काही बेसूर गायलं, की सगळा स्टँड वळून टॅन्टीच्या पाठीकडे बघायला लागला. टॅन्टी हलली नाही. लोक ताटकळले, एकमेकांकडे बघत राहिले, आणि त्या पोरीने आपलं गाणं शेवटपर्यंत रेटलं.

मग पाल्मिस्ट गावचा एक तरुण आला. त्याने आपल्या आईवर गाणं म्हटलं, आणि फार सुरेख म्हटलं. मी पाहिलं, टॅन्टीचे डोळे भरले होते. पाणी गालांवरून हनुवटीवर आलं आणि तिथून कॉलरवर ठिबकायला लागलं. मी माझा रुमाल तिच्यापुढे धरला. तिने मान हलवून नको म्हटलं, आणि हात मांड्यांखाली आणखी आत सरकवले.