शिवणारीची खिडकी

चित्रातल्या कपाटाची बाजू शाईने भरता भरता काकांचा हात थांबला आणि त्यांना पुन्हा ते पत्र आठवलं. महिना होत आला होता, उत्तर काही गेलं नव्हतं.

पाकिटावर ‘मागची चित्रं काढणाऱ्यास’ एवढंच लिहिलेलं होतं. ते आलं त्या दिवशी स्टुडिओत बराच हशा झाला. मांगाच्या, म्हणजे जपानी धर्तीच्या चित्रकथेच्या, पानांवरची माणसं स्टुडिओच्या मालकीणबाई काढत, कथाही त्यांचीच, एका कपडे शिवणारीची. माणसांच्या मागची घरं, जिने, खुर्च्या, दिव्याचे खांब काका काढत. म्हणून सगळे त्यांना ‘मागचे काका’ म्हणत. मागच्याला कधी कुणी पत्र लिहीत नाही. काकांना आधी वाटलं, चुकून आलं असेल.

चुकून आलेलं नव्हतं. पहिल्याच ओळीत शिवी होती.

‘तुम्हीही त्यांच्यातलेच,’ पुढे लिहिलं होतं. ‘पहिल्या भागात शिवणारीच्या खोलीला चांगली मोठी खिडकी होती. मग तिच्यापुढे खोकी आली. मग कपाट आलं. आता बिचारी भरदिवसा दिवा लावून डोळे फोडत शिवते. तुम्हाला शेवट ठाऊक आहे आणि तुम्ही तिला आधीपासूनच कोंडत आणलंय. राग येतो ना तुम्हाला? मग चित्रात कशाला काढता? तोंडाने बोला.’

खाली सही नव्हती, ‘एक वाचक’ आणि पत्ता होता.

काकांनी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. राग, आणि त्यांना? उभ्या जन्मात त्यांनी दुकानदाराकडून सुटे पैसेसुद्धा आवाज चढवून मागितले नव्हते. खिडकी आपण कधी झाकली तेही त्यांना आठवेना. मनाने खोली रचायचा धीर त्यांच्यात नव्हता. शिवणारीची खोली म्हणून ते आपले पहिल्यापासून स्वतःच्याच खोलीचं चित्र काढत आले होते. समोर दिसेल ते कागदावर.

बाहेर मात्र राग नुसता उतू चालला होता. शिवणारीला एका शब्दाने न सांगता निघून गेलेला जहाजवाला सात वर्षांनी परतला होता, खिशात बंगल्याची किल्ली घेऊन. आता एकच भाग उरला होता, आणि बाई दोघांचं लग्न लावणार अशी कुणकुण लागल्यापासून वाचक हात धुऊन मागे लागले होते. एकीने सगळे अंक सुतळीने बांधून परत पाठवले. प्रत्येक पानावर जहाजवाल्याचं तोंड काळं केलेलं होतं, अगदी पाठमोरा होता तिथेही. एकाने सुचवलं होतं की त्याला किनारा दिसत असताना बुडवावं, म्हणजे कळेल. लग्न व्हावं म्हणणारेही काही गोड बोलत नव्हते. ते बुडवा म्हणणाऱ्यांना शिव्या घालत होते आणि उत्तर बाईंकडे मागत होते.

बाईंनी फोन उचलणं सोडून दिलं होतं.

“सात वर्षं तिला रडवली, तेव्हा सगळे मिटक्या मारत वाचत होते,” त्या म्हणाल्या. “आता सुखात टाकते, तर माझ्याच डोक्यावर बसलेत. काका, शेवटच्या पानाला बंगला काढा. चांगला ऐसपैस. बघूनच माणूस गार झाला पाहिजे.”

“चालेल,” काका म्हणाले. हा त्यांचा ठरलेला शब्द होता.

संध्याकाळी ते घरी पोहोचले तेव्हा त्यांच्या खोलीच्या दारात मुलगा आणि एक हमाल नवं कपाट तिरकं धरून उभे होते.

“बाबा, तेवढी खुर्ची घ्या बाजूला. हे खिडकीपाशी बसेल.”

काकांनी खुर्ची उचलली आणि तशीच हातात धरून ते बघत राहिले. नातू झाला तेव्हा पाळण्याची, खेळण्यांची खोकी आली होती, चार दिवसांकरता. मग आधीचं कपाट आलं आणि खिडकीचा अर्धा भाग गेला. उरलेल्या अर्ध्यातून आत्ता उन्हाची एक तिरीप जमिनीवर पडली होती, हमालाच्या पायाशी. नवं कपाट तंतोतंत तिथेच बसणार होतं. ही भिंत त्यांनी गेल्याच आठवड्यात शिवणारीच्या चित्रात काढली होती, दोन कपाटांसकट. मुलाने दुसऱ्या कपाटाचा नुसता विषय काढला होता तेव्हा.

सून आतून म्हणाली की मोठा दिवा आणलाय, उजेडाची अडचण नाही व्हायची.

“आणि बाबांना खिडकी हवीय कशाला?” मुलगा हसत म्हणाला. “सदानकदा कागदात मुंडी.”

एरवी इथे काका ‘चालेल’ म्हणत.

“नाही चालणार,” ते म्हणाले. आवाज मध्येच चिरकला. “हे इथे येणार नाही. आणि ते आहे तेही हलव.”

“मग काय डोक्यावर घेऊ?”

“तुझ्या खोलीत घे.”

हमालाने कपाट हळूच खाली टेकवलं. मग सून नवऱ्याला म्हणाली, “म्हटलं होतं ना, आधी विचारा त्यांना.” मुलाने तिच्याकडे रागाने पाहिलं.

काकांनी खुर्ची खाली ठेवली, जुन्या कपाटाला खांदा लावला आणि रेटलं. ते जेमतेम वीतभर सरकलं. शेजारी मुलगा आला आणि घुश्शातच ढकलू लागला. रात्री जेवताना त्याने पाणीसुद्धा बायकोकडून मागवलं, बापाच्या हाताशी तांब्या असताना.

दुसऱ्या दिवशी काकांनी बंगला काढला. दुपारी तो कागद घेऊन ते बाईंच्या टेबलापाशी उभे राहिले.

“झकास,” बाई म्हणाल्या. “ठेवा.”

“यात ती बसणार कुठे?”

“कोण? शिवणारी? एवढा मोठा बंगला आहे. बसेल कुठेही.”

“कुठेही म्हणजे कुठेच नाही,” काका म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांची त्यांनाच धडकी भरली. पण थांबता येईना. “सगळ्या खोल्या काढून पाहिल्या मी. जहाजवाल्याचे नकाशे मावले, दुर्बिणी मावल्या, आरामखुर्ची दोन ठिकाणी मावली. तिचं मशीन मात्र जिथे ठेवावं तिथे वाटेत येतं.”

बाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली.

“तुम्हीपण त्या पत्रवाल्यांना सामील झालात?”

“सामील नाही. राग आलाय मला.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी काकांना एवढा वेळ निरखून पाहिलं नसेल.

“तुम्ही बाहेर बसा, काका,” अखेर त्या म्हणाल्या. “मला काम करू द्या.”

काका आपल्या जागी येऊन बसले. नोकरी गेली, असं ते धरूनच चालले. काचेच्या दारातून बाई दिसत होत्या. बंगल्याचं पान पुढ्यात ओढून त्या खोडरबर घासत होत्या, इतक्या जोराने की टेबल हलत होतं. काय खोडतायत ते इथून दिसत नव्हतं. काकांनी मान उंचावून पाहिलं नाही.

त्यांनी ड्रॉवर उघडून पत्रावरचा पत्ता पाहिला आणि कोरा कागद घेतला.

‘शेवट काय होईल ते मला ठाऊक नाही,’ त्यांनी लिहिलं. ‘खिडकी मुद्दाम झाकली नव्हती. समोर होतं तसं काढत गेलो. राग येतो का, असं तुम्ही विचारलं होतं. येतो.’

एरवी दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा ते चारदा वाचत, तीनदा फाडत. आज कागदाची घडी घातली, पाकीट चिकटवलं आणि चपला अडकवून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. उशिराबद्दल क्षमा मागायची राहिली, हे पाकीट आत पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.