पिशवीतला शिंपी

"मामा, गिलावा वाळतोय," मी म्हणालो.

"वाळू दे. माझं आयुष्य वाळलं इथं, त्याचं काय?" चबुतऱ्यावरच्या कातडी पिशवीवरून नजर न हलवता माझे सासरे म्हणाले.

फ्लोरेन्सवर राज्य कोण करणार, हे दर दोन महिन्यांनी ती पिशवी ठरवते. एक साधू तीत हात घालतो, एकेक करून नऊ जणांच्या चिठ्ठ्या काढतो आणि चिटणीस नावं वाचतो. आमच्याकडे राजा नाही, याचा आम्हाला फार अभिमान आहे. पिशवी आहे.

सासऱ्यांचं नाव नोफ्री. धंदा शिंप्याचा. तरुणपणी त्यांचं नाव पिशवीत पडलं, त्याच आठवड्यात त्यांनी राज्यकर्त्यांचा लाल झगा स्वतःच्या मापाने शिवून ठेवला. नाव काही निघालं नाही. पोट सुटलं तेव्हा झगा उसवून सैल केला, पोट उतरलं तेव्हा पुन्हा आवळला. भाषणही तयार होतं. ते सासूबाईंनाच जास्त पाठ होतं, कांदा चिरताना त्या म्हणत, "नागरिकहो, प्राचीन रोममध्ये..." आणि डोळे पुसत.

मी भिंतीवर चित्रं काढतो, गिलावा ओला असेतोवरच रंग धरतो. पेठेतल्या चर्चमध्ये बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे काढत होतो. राजांमागच्या गर्दीत हल्ली शेजारीपाजारी घालायची पद्धत आहे. पूर्वी चित्रात संत असायचे. आता संतांना उभं राहायला जागा उरत नाही. सकाळी मी मामांचा चेहरा रंगवला. मानेखाली काय घालायचं, शिंप्याचा अंगरखा की लाल झगा, ते सोडतीवर होतं. आणि ओला गिलावा सोडतीसाठी थांबत नाही.

साधूने पहिली चिठ्ठी काढली.

"मेला!" नाव ऐकताच गर्दी ओरडली. मेलेल्याची चिठ्ठी फाडतात. फाडली.

दुसरी. "बाल्दो, वजडीवाला!"

बाल्दो म्हणजे मामांचा धाकटा भाऊ. तो सोडतीला आला नव्हता, गर्दीत वजडी विकायला आला होता. त्याचं नाव पिशवीत घालायला मामांनीच त्याला भरीला पाडलं होतं. हातात पळी तशीच धरून त्याने मागे वळून पाहिलं. दुसरा कोणी बाल्दो नव्हता.

तिसरी. "नोफ्री, शिंपी!"

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग चिटणीस म्हणाला, "सख्खे भाऊ राज्यावर एकत्र बसत नाहीत. मागून निघालेल्याची चिठ्ठी परत पिशवीत."

"थांबा!" बाल्दो ओरडला. "बाल्दो मेला!"

"कधी?" चिटणिसाने विचारलं.

"आज सकाळी. पोटात दुखून."

"तू कोण?"

"मी त्याचा शेजारी."

"अरे, कालच मी तुझ्याकडे वजडी खाल्ली."

"मग तो पोटात दुखून मेला, यात तुम्हाला नवल काय वाटतं?"

सगळा चौक हसला. चिटणीस मात्र मामांकडे वळला. त्याला जेवायला जायचं असावं. "नोफ्री, घरातला वडील तू. भाऊ मेला की जिवंत? तू म्हणशील ते लिहितो."

बाल्दो मामांच्या कानाशी गेला. "दादा, मेला म्हण ना. मला काय फरक पडतो? वजडी काय, मेल्यावरही विकीन."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. वजडीच्या वाफेने बाल्दोचा चेहरा ओला झाला होता. वाफेनेच.

"जिवंत आहे," मामा चिटणिसाला म्हणाले. "सकाळीच माझ्याशी भांडलाय."

साधूने मामांची चिठ्ठी परत पिशवीत टाकली आणि पिशवी नीट हलवली.

"तू येडा आहेस, दादा."

"ती पळी ठेव आधी. राज्य करायचंय तुला."

दुपारी दोघे झगा घेऊन चर्चमध्ये आले. माझ्या भिंतीपाशी उजेड चांगला असतो, असं मामा म्हणाले. त्यांनी बाल्दोला झगा घातला. तो इतका लांब झाला की बाल्दो पडदा गुंडाळून उभा असल्यासारखा दिसत होता. मामांनी तोंडात टाचण्या धरल्या आणि गुडघ्यांवर बसून घेर दुमडायला घेतला.

"मामा, लवकर सांगा. मानेखाली काय घालू?"

त्यांनी हातानेच 'थांब' म्हटलं.

"दादा," वरून बाल्दो म्हणाला, "तिथं जाऊन मी बोलू काय?"

तेव्हा मामांनी ते भाषण केलं. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तोंडातल्या टाचण्या न काढता. नागरिक नाही, रोम नाही, एक शब्द कळला नाही. बाल्दो हलला नाही. मीही हसलो नाही, आणि मी बऱ्याच गोष्टींना हसतो.

गर्दीतला सकाळचा चेहरा मी खरवडून काढला. म्हाताऱ्या राजाच्या लाल झग्यापाशी नवा गिलावा थापला आणि अंधार पडायच्या आत तिथे गुडघ्यांवर बसलेला एक माणूस रंगवला. अंगात शिंप्याचा अंगरखा, दोन्ही हातांत झग्याची कड.

आता बायका त्याच्यासमोर मेणबत्त्या लावतात. प्रार्थनेत किती रमलाय, म्हणतात. मी काही सांगायला जात नाही. ओठांतल्या टाचण्या जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत.