तिसरी हाळी

वाद हरायला लागला की परशुराम चष्मा पुसायचा. त्या दिवशी बिचारा घासून घासून पुसत होता, कारण मी त्याला सोडतच नव्हते.

"पाण्यावर सीमारेषा कुठे दिसते, दाखव ना मला! कोळंबी काय पासपोर्ट घेऊन फिरते?"

"सगुणा, तू प्रत्येक वादात कोळंबी आणतेस."

"मग काय आणू? तुमच्या नौपाड्यातलं पियुष?"

उत्तम हसून हसून लोळायचा बाकी होता. आम्ही तिघं लॉच्या दुसऱ्या वर्षाला होतो. परशुरामचे वडील वकील, त्यांच्या गच्चीवर बसून आम्ही रोज जगाचा कारभार चालवायचो. रशिया फुटला ते बरं झालं की वाईट, बोस्नियात कुणी कुणाला वाचवायचं, माणूस आधी जातीचा, भाषेचा की देशाचा. उत्तम मोहन्याचा, वडील तिथल्या कारखान्यात. "जन्म मोहन्यात, पण घरी 'आपलं गाव' म्हणजे सातारा. मग मी कुठला रे?" असं तो विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता चहा मागवायचा. गळ्यात तुळशीची माळ. माझ्या डब्यातला सुका जवळा दिसला तरी नाक धरणारा.

पण समुद्राच्या कायद्यावर विषय आला की माझा आवाज चढायचाच. मी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. माझा भाऊ धाकू गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलेला आणि ती बोट परतच आली नव्हती. कुणी म्हणे वादळात बुडाली, कुणी म्हणे सीमा ओलांडली म्हणून पलीकडच्यांनी धरून नेली. सरकारी कचेरीत विचारलं की चौकशी चालू आहे, एवढंच. परशुरामने मला सांगितलेलं, पलीकडच्या तुरुंगात असला तर आपला अधिकारी जाऊन नाव-गाव विचारतो. माणसाने आपलं नाव बरोबर सांगितलं की सुटकेचा मार्ग मोकळा. त्या एका वाक्यावर आई जगत होती.

बाबांचा मात्र धीर सुटला. "सर्वपित्रीला हाळ्या देऊन मोकळा करतो पोराला," ते म्हणाले. आमच्यात रीत आहे. पाण्यात गेलेल्याचं प्रेत मिळालं नाही तर बापाने ओहोटीच्या वेळी धक्क्यावर उभं राहून त्याला नाव घेऊन तीन हाळ्या द्यायच्या. काठावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. तिसऱ्या हाळीलाही ओ आली नाही तर पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. आणि दुसऱ्या कुणी ओ दिली तर ते नाव त्याच्याकडे जातं, मग खऱ्या माणसाकडे परत यायला नावच उरत नाही. लहानपणी कुणाच्या हाळ्या असल्या की आम्ही चुकून ओ देऊ नये म्हणून आई आमच्या तोंडावर फडकं धरायची. आई बाबांशी बोलेनाशी झाली. "माजा पोर जिता हाय," एवढंच तिचं पालुपद.

त्याच सुमारास कॉलेजात खोट्या न्यायालयाची स्पर्धा होती. खटला परशुरामने लिहिला: मासे धरताना परमुलखात सापडलेला गरीब खलाशी. उत्तम खलाशी, मी त्याची वकील. गच्चीवर तालीम सुरू झाली. परशुरामने पट्टेवाल्यासारखी छाती काढली आणि कोर्टात पुकारतात तसं ओरडला, "धाकू दामाजी कोळी, हाजिर हो!"

"ए, हे नाव नको!" मी म्हणाले. पण त्याचा नाटकी आवाज चढलेला. दुसरा पुकारा झाला. मी उठेपर्यंत तिसराही झाला.

"ओ," उत्तम म्हणाला.

'हाजिर' नाही. 'ओ'. लांबवर असलेल्या माणसाने द्यावी तशी, लांबवलेली. गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांपलीकडे कुठे तरी बघत होता तो.

मी परशुरामला वाट्टेल ते बोलले. अकलेचा कांदा म्हणाले, आणखीही बरंच. तो रडवेला झाला. "अगं, खरं नाव घेतलं तर तुला भांडायला जोर येईल असं वाटलं." मी रीत सांगितली तर पठ्ठ्याचा चेहरा उजळला. "म्हणजे रूढीचा कायदा! छान मुद्दा आहे." मी चप्पल घालून चालती झाले.

पुढच्या आठवड्यात उत्तमला हाक मारली तर तो वळेना. आधी वाटलं, चिडवतोय. मग कँटीनमध्ये त्याने माझा डबा ओढला आणि जवळा चाटूनपुसून खाल्ला. माळ गळ्यातच होती. "मना लय भूक लागतं गो," तो म्हणाला. मोहन्याचा पोरगा, हे बोलणं ह्याने कुठून आणलं?

"उत्तम, मस्करी बस झाली."

"खोलीत आठ जण हाव. भिंतीला मीठ फुटलंय. साहेब आला का नाव इचारतं, न मना नावच आठवत नाय," असं म्हणून तो डब्याचं झाकण लावू लागला. आमच्या घरी धाकू लावायचा तसंच, आधी उलटं ठेवून मग सरळ करून.

परशुरामने चष्मा काढला, पण पुसला नाही. मला मात्र एकाच वेळी रडू आलं आणि आनंदही झाला. धाकू जिवंत होता! आणि त्याचं नाव ह्या मेल्याच्या तोंडात अडकलं होतं.

मी घरी सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, पोरगी शिकून खुळी झाली.

सर्वपित्रीला संध्याकाळी ओहोटी लागली. कोळीवाड्यातली माणसं धक्क्यावर जमली. पिठाचा पुतळा सुपात ठेवलेला. आई घरातून हलायला तयार नव्हती, पण शेवटी आलीच. मी परशुरामला सांगितलेलं की उत्तमला आणू नकोस. तो म्हणाला, "मी नाही आणलं. तोच माझ्या पुढे चालत होता. कुठे वळायचं ते एकदाही विचारलं नाही." उत्तम आमच्या वाड्यात आयुष्यात कधी आला नव्हता.

बाबांनी पहिली हाळी दिली. पाणी नुसतं सरकत होतं. दुसऱ्या हाळीला बाबांचा आवाज फाटला. उत्तमने मान वर केली, ओठ विलग झाले. मी धावत जाऊन दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबून धरलं. तो गुदमरायला लागला, बोटांना चावला, तरी मी सोडलं नाही.

"धाकू रेऽऽ!"

माझ्या हाताखाली उत्तमचे दात कडकडा वाजले. आणि पलीकडून, जिथे नुसता चिखल आणि तिवरं आहेत तिथून, बारीक ओ आली. सगळ्यांनी ऐकली. बाबांच्या हातातलं सूप खाली पडलं. आई तेवढी हसत होती. "आयलास का रं बाला," ती पाण्याला म्हणाली.

वर्षभराने धाकू वाघा सीमेवरून परत आला. हाडांचा सापळा झालेला, पण आला. आईने सगळ्या वाड्याला जेवण घातलं. त्याने सांगितलं, "मधी माजा नावच हरवलेला. साहेबानी इचारला का तोंडातून भलताच यायचा. उत्तम. साहेब बोलायचा, या नावाचा खलाशी कंच्या बोटीवर नाय. मंग येक दिवस सांजचे बाबांची हाळी आयकली, मी ओ दिली, न तवाच माजा खरा नाव त्यानी लिवून घेतला."

मी आणि परशुरामने एकमेकांकडे पाहिलं.

घरी आई हाक मारायची तेव्हा धाकू जरा उशिराच बघायचा. तुरुंगातून आलेला माणूस, होईल हळूहळू, असं सगळेच म्हणत होते. उत्तमची बोली हाळीच्या संध्याकाळपासून पुन्हा त्याची स्वतःची झालेली, जवळ्याला पुन्हा नाक धरायचा. पण हाकेला वळायचा नाही. खांद्यावर हात ठेवावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत.

धाकू आल्याचं कळलं म्हणून उत्तमची आई शेवंतीबाई उत्तमला घेऊन आमच्याकडे आली. धाकूशी बोलली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आईने दिलेला चहा प्यायली. उत्तम अंगणाच्या कडेला खाडीकडे तोंड करून बसलेला. निघायची वेळ झाली.

"उत्तम, चल रे बाळा," शेवंतीबाईंनी हाक मारली.

उत्तम हलला नाही.

"ओ, आये," माझा भाऊ म्हणाला. हातातलं जाळं खाली ठेवून तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि शेवंतीबाईंच्या मागे उभा राहिला. आई हसली आधी. मग तिने हाक मारली, धाकू. परत मारली. मग ती ओरडायलाच लागली, आणि तो काही वळेना.