अस्तराचा रंग

मावशीच्या शिवणाच्या दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला चिठ्ठी लागते आणि चिठ्ठीवर सहा आकडे असतात. दोन तारखेचे, दोन महिन्याचे आणि दोन त्या दिवशी कितवा कपडा आला त्याचे. अर्धी चिठ्ठी कपड्याला टाचायची, अर्धी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. आता गिऱ्हाईक म्हटलं की चिठ्ठी हरवणारच. मग निरोप यायचा, "मावशी, माझा नंबर सांगा हो." मावशी तोंडातल्या टाचण्या काढायची, नंबर सांगायची, टाचण्या परत तोंडात. तीस वर्षांत हे इतक्या वेळा झालं होतं की कुणी सहा आकडे मागितले की तिच्याकडून ते आपसूक दिले जायचे.

त्या मंगळवारी बेकरीवालीचा निरोप फोनवर आला. "मावशी, माझा नंबर चुकून तुमच्या फोनवर आलाय. सहा आकडे आहेत. पाठवता का?"

बेकरीवालीचा कोट दुकानात होताच. मावशीने पाहिलं, तर फोनवर खरोखर सहा आकडे आलेले. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं, पण चष्मा कापडाखाली कुठेतरी दबलेला. तिने आकडे पाठवून दिले आणि कात्री उचलली.

पाव तासाने सून एका गिऱ्हाइकाला कॉलरचा फोटो दाखवायला गेली. दुकानाचे सगळे फोटो एका खात्यात साठवलेले असत. ते खातं उघडेना.

"आई, पासवर्ड बदललात का?"

"मी कशाला बदलू? आहे तोच मला पाठ होत नाही."

सुनेने फोन उचलून पाहिला, मघाचा निरोप पाहिला आणि मटकन स्टुलावर बसली. "आई, हे आकडे तुम्ही कुणाला दिलेत?"

समोरच्या गाळ्यात मोबाईलवाला बसतो. सासू-सुना दुकान तसंच टाकून त्याच्याकडे गेल्या. त्याने चौकशी वगैरे काही केली नाही, आधी फोन हातात घेतला. मावशीचा फोन नंबर खात्यावर अजून तोच होता, एवढं नशीब. त्याने नवा आकडा मागवला, तो मावशीच्याच फोनवर आला, आणि खातं उघडलं. मग पासवर्ड बदलायची वेळ आली.

"एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या," तो म्हणाला. "सुनेचं नाव नको, दुकानाचं नको. आणि मलाही सांगू नका." असं म्हणून तो खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला. मावशीला हसू आलं. जन्मभर लोक तिच्या दुकानात असेच पाठ करून उभे राहिले होते, पण ते माप देण्यासाठी.

तिने एकेक अक्षर दाबत चार शब्द लिहिले. पन्नाशीला सुनेकडून अक्षरं शिकलेली ती. तिला घाई जमत नसे, पण चूकही होत नसे.

"आता हे बघा. कोण कुठून आत आलं त्याची यादी." मोबाईलवाल्याने बोट ठेवलं. "हा तुमचा फोन. हा सुनेचा. आणि हा तिसरा कुणाचा?"

"मला काय माहीत?"

"तोच चोर. अकरा वाजून दहा मिनिटांनी आत आला. आपण त्याला अकरा बावन्नला बाहेर काढलं."

"बेचाळीस मिनिटं," मावशी म्हणाली. "बेचाळीस मिनिटांत त्याने काय काय पाहिलं?"

"ते ही यादी सांगत नाही, मावशी."

तेव्हा कुठे मावशीला आत साठवलेले फोटो आठवले.

तिला अक्षरं येत नव्हती तेव्हा ती मापं कागदाच्या पट्ट्यांवर घ्यायची. खांद्याला एक खाच, छातीला दोन, कमरेला तिरपी. पट्टीच्या वर नावाऐवजी चित्र. बेकरीवालीला पाव, टपालवाल्याला पाकीट. अक्षरं आल्यावरही तिने पट्ट्या सोडल्या नाहीत. गेल्या वर्षी उंदरांनी दोन पट्ट्या कुरतडल्या, तेव्हा सुनेने सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढून ठेवले. त्या फोटोंची मावशीला चिंता नव्हती. खाचा बघून चोराला काय कळणार, कपाळ?

पण शिट्टीचं चित्र असलेल्या पट्टीशेजारी आणखी एक फोटो होता. शिट्टी म्हणजे शाळेतल्या कवायतीच्या बाई. दोन वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं आणि छातीची डावी बाजू सपाट झाली. रोज तीनशे मुलींसमोर हात वर करून उभं राहायचं, आणि कुणाला कळू द्यायचं नाही. त्यासाठी मावशीने कपड्याला आतून गादी शिवून दिली होती. दुकानात यायचं त्राण नव्हतं म्हणून बाईंनी घरून फोटो पाठवला होता. जखमेवर बँडेज, चेहऱ्यासकट. गादी बसली, काम झालं, आणि फोटो तसाच राहिला. आपोआप साठला होता, त्याची आठवणच कुणाला नव्हती.

"आई, त्याला असल्या फोटोशी काय करायचंय?" सून म्हणाली. "कशाला सांगायचं बाईंना? झाकली मूठ..."

"मूठ माझी नाही," मावशी म्हणाली.

पण शाळेत जाण्याआधी ती बेकरीत गेली. कापड उसवलं तर शिवण कुठून सुटली ते पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. चोराला आकडे हवे होते हे कळलं. पण मागताना त्याने 'माझा नंबर' म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलं?

"अगं बाई, तुम्हालाही?" मावशीचं ऐकून बेकरीवाली पिठाचे हात झटकत बाहेर आली. "शनिवारी कुणीतरी सांगितलं, बेकऱ्यांची स्पर्धा आहे, हे ठिपक्यांचं चौकोनी चित्र स्कॅन करा. केलं. तेव्हापासून माझे निरोप दुसरंच कुणी वाचतंय नि पाठवतंय, हे आज कळलं."

"तुझे जुने निरोप दाखव. आपले दोघींचे."

बेकरीवालीने दाखवले. मावशीने चष्मा लावून सगळे वाचले. मावशी, नंबर सांगा. मावशी, पुन्हा हरवली, नंबर सांगा. आणि खाली दर वेळी मावशीचे सहा आकडे. एकदाही तिने विचारलं नव्हतं, कशाला, कुणाला.

"बघ, तीन दिवस वाचत बसला मेला," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात रागापेक्षा नवल जास्त होतं. "कुलूप नाही फोडलं त्याने. आपली रीत शिकला आणि गिऱ्हाईक होऊन आला."

मग तिने स्वतःच्या फोनवरचा तो सकाळचा आकडा पुन्हा काढला आणि खालची बारीक अक्षरं वाचली. 'हा आकडा कोणालाही सांगू नका.' तिने दोनदा वाचलं. "लिहिलं होतं की गं," ती स्वतःशीच म्हणाली.

दुपारी शाळेच्या मैदानावर मुली धावत होत्या. कवायतीच्या बाई कडेला उभ्या होत्या, गळ्यात शिट्टी. मावशीने आडपडदा ठेवला नाही. आकडे कसे दिले, चोर किती वेळ आत होता, काय काय उघडं होतं, सगळं सांगितलं.

"पाहिला त्याने?"

"माहीत नाही. पाहिला असेल, नसेल. धीर द्यायला खोटं बोलणार नाही मी."

बाईंनी शिट्टी वाजवली. मुली थांबल्या. त्यांनी पुन्हा वाजवली, मुली पुन्हा धावू लागल्या.

"सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही मी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं, कारण तुमच्या कागदावर नाव नसतं."

मावशीने फोन पुढे केला आणि बाईंच्या देखत फोटो पुसला. मग कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसला. तिथे तो महिनाभर पडून राहतो हे तिने मोबाईलवाल्याला विचारून घेतलं होतं. मग पिशवीतून शिट्टीची पट्टी काढून बाईंच्या हातात दिली.

"ही आता तुमच्याकडे ठेवा. माप घ्यायचं असेल तेव्हा घेऊन या."

"आणि माझं निळं जाकीट? बाह्या सैल करायला दिलंय ते?"

"तयार आहे."

"राहू द्या. बघते मी," बाई म्हणाल्या आणि मैदानाकडे वळल्या.

तीन आठवडे जाकीट खुंटीला लटकत राहिलं. मावशीने त्यावर धूळ बसू दिली नाही, पण बाईंना निरोपही पाठवला नाही. मधल्या काळात तिने खात्याला दुसरं कुलूप लावून घेतलं, म्हणजे नुसत्या पासवर्डाने कुणी आत येऊ नये. मापाचे बाकीचे फोटो काढून टाकले आणि पट्ट्या उंदरांपासून वाचवायला पत्र्याचा डबा आणला. दुकानाच्या दारावर स्वतःच्या अक्षरात पाटी लिहिली: 'नंबर निरोपाने मिळणार नाही. फोन करून आधी कपड्याच्या अस्तराचा रंग सांगावा.'

अस्तर बाहेरून दिसत नाही. ज्याचा कपडा त्यालाच ठाऊक. लोक कुरकुरले. टपालवाला म्हणाला, "मावशी, माझ्या पँटीला अस्तरच नाही." ती म्हणाली, "मग तसं सांगायचं." मोबाईलवाला पाटी वाचायला मुद्दाम रस्ता ओलांडून आला आणि मान डोलवून गेला.

एका सकाळी फोन वाजला. मावशीने टाचण्या काढल्या.

"मावशी, मी कवायतीची बाई. चिठ्ठी हरवली. नंबर सांगता का?"

आवाज बाईंचाच होता. मागे शिट्ट्याही ऐकू येत होत्या. तीन आठवडे मावशी याच आवाजाची वाट पाहत होती. खुंटीवर जाकीट होतं, हात पुरेल इतकं जवळ, चिठ्ठी वर वळलेली.

"अस्तराचा रंग सांगा, बाई."

"मावशी, तुम्ही माझा आवाज ओळखत नाही?"

"ओळखते."

"मग?"

"रंग सांगा."

"पांढरा," बाई म्हणाल्या.

सुनेने मशीन थांबवून मान वर केली. आता ही बाई कायमची जाणार, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"मग हे जाकीट तुमचं नाही," ती म्हणाली. "नंबर नाही देता येणार."

मागे मुलींचा गलका वाढला आणि एक लांब शिट्टी वाजली.

"नारिंगी," बाई म्हणाल्या. "बाहेरून निळं, आतून नारिंगी. तुम्ही नको म्हणत होता, मी हट्ट केला होता. आणि चिठ्ठी हरवलेली नाही, माझ्या हातातच आहे."

"असू दे की."

"उद्या शाळा सुटल्यावर येते. पट्टी घेऊन येते. गादी एका बाजूने दबली आहे, नवं माप घ्यावं लागेल."

"या," मावशी म्हणाली.

तिने जाकिटावरची चिठ्ठी सरळ केली, चष्मा लावला आणि सहा आकडे वाचून दाखवले, एकेक, सावकाश. पलीकडे बाई आपल्या हातातल्या चिठ्ठीशी ते पडताळून पाहत होत्या. शेवटच्या आकड्याला त्या "बरोबर" म्हणाल्या. मग मावशीने टाचण्या परत तोंडात धरल्या.